घरचे डॉक्टर निवडावेत कसे आणि टिकवावेत कसे

नागपुरात एखाद्या डॉक्टरांची सर्वांत मोठी स्तुती चार शब्दांत होते: त्यांच्या हाताला गुण आहे. महाल, इतवारी, सक्करदरा, नंदनवन अशा वस्त्यांतील जुन्या घरांत हे वाक्य आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातवाकडे जात राहते, आणि त्याबरोबर त्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा रस्ताही. तरीही त्याच घरातील वडिलांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही, की शेजाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांना रामदासपेठेत नेले जाते, पाचव्या दिवशी धंतोलीत आणखी कोणाला तरी दाखवले जाते, आणि सातव्या दिवशी ताप उतरला की गुण कोणाच्या औषधाचा हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण मनाने एका डॉक्टरांचे आणि पायाने चौघांचे असतात. हे अंतर कमी कसे करावे, एका डॉक्टरांशी जुळलेला धागा वर्षानुवर्षे कसा सांभाळावा आणि तो कोणत्या वेळी सैल सोडावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. मी स्वतः डॉक्टर नाही. वृद्ध आई-वडिलांच्या औषधांचा, रिपोर्टांचा आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचा भार अनेक वर्षे वाहताना जे शिकावे लागले, ते येथे मांडत आहे. कोणते औषध घ्यावे किंवा थांबवावे, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

सातत्य म्हणजे काय

एकाच डॉक्टरांकडे जात राहणे एवढाच सातत्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. या विषयाचा अभ्यास करणारे त्यात तीन पदर वेगळे करतात. पहिला पदर ओळखीचा: डॉक्टर रुग्णाला आणि रुग्ण डॉक्टरांना माणूस म्हणून ओळखतो. दुसरा माहितीचा: मागे काय झाले, कोणते औषध लागू पडले, कशाची अॅलर्जी आली, हे पुढच्या भेटीत हाताशी असते. तिसरा उपचाराच्या दिशेचा: दोन-तीन डॉक्टर गुंतलेले असले तरी एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधाला छेद देत नाही. आपण पहिल्या पदरावर जीव लावतो आणि दुसरे दोन बहुधा नशिबावर सोडतो. माझ्या मते बहुतेक घरांत चूक होते ती इथेच.

डॉक्टरांवरच्या या विश्वासाला निव्वळ श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्बरा स्टारफिल्ड यांनी चांगल्या प्राथमिक सेवेच्या चार खुणा सांगितल्या, आणि दीर्घकाळ टिकणारे नाते ही त्यांपैकी एक आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी नऊ देशांतील २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांपैकी १८ अभ्यासांत डॉक्टरांचे सातत्य अधिक असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येक रहिवाशाला आपले नाव एका डॉक्टरांच्या यादीत नोंदवता येते. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की १५ वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये, नाते जेमतेम एक वर्षाचे असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी तातडीच्या सेवेकडे धाव घेण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी, तातडीने रुग्णालयात भरती होण्याचे २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २५ टक्क्यांनी कमी होते. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही हे खरे. परंतु नात्याची वर्षे वाढत गेली तसतसा फायदाही पायरी-पायरीने वाढत गेलेला दिसला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

नॉर्वेत हे नाते सरकारी यादी टिकवून धरते. आपल्याकडे तशी यादी नाही, कोणीही उद्या सकाळी कोणत्याही दवाखान्यात नंबर लावू शकतो, आणि म्हणून जे काम तेथे व्यवस्था करते ते येथे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्वतः करावे लागते.

आपलेच डॉक्टर कधी हवेत, कधी नकोत

या बाबतीत रुग्णांची ओढ एकसारखी नसते, आणि ती नसणे योग्यच आहे. नोकरीवर जाणाऱ्या तरुणाला सर्दी-खोकल्यासाठी दोन तास बाकावर बसायचे नसते. जो दवाखाना उघडा असेल तो त्याला चालतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, सांधेवात यांसारखे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार असलेल्यांना, वृद्धांना आणि मनाने खचलेल्यांना मात्र ओळखीचा चेहरा हवा असतो. झोप लागत नाही, घरात मारहाण होते, दारू सुटत नाही, लघवीवर ताबा राहत नाही, या गोष्टी अनोळखी माणसासमोर पाच मिनिटांत सांगता येत नाहीत. आमच्या नात्यातील एक काकू त्यांच्या छातीतील गाठीबद्दल तीन महिने कोणाशीही बोलल्या नाहीत आणि शेवटी बोलल्या त्या ज्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मुलांना लहानपणी लसी दिल्या होत्या त्यांच्याशीच. त्या दिवशी त्या दवाखान्यात दुसरे कोणी बसले असते, तर चौथा महिनाही तसाच गेला असता याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा आधी स्वतःशी ठरवावे की आपल्याला सातत्य कशासाठी हवे आहे. किरकोळ जखम, साधी सर्दी, प्रवासात बिघडलेले पोट यांसाठी जवळचा कोणताही पात्र डॉक्टर पुरेसा असतो. तेथील चिठ्ठी जपून ठेवली आणि पुढच्या भेटीत घरच्या डॉक्टरांना दाखवली की काम झाले. उलट छातीत दाबल्यासारखे दुखणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हातातील बळ अचानक जाणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे अशा वेळी घरच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट मुळीच पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते तास फोनाफोनीत गेलेले मी पाहिले आहेत. निष्ठेचा अर्थ उशीर असा होऊ देऊ नये.

या दोन टोकांच्या मध्ये असतो तो पावसाळ्यातील ताप, आणि आपली सवय सर्वाधिक नुकसान करते ती तेथे. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शहरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. डेंग्यूमध्ये धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरू लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास येतो. या दिवसांत एकट्या प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा कालच्या आणि आजच्या रिपोर्टमधील फरक, रक्त किती घट्ट झाले, लघवी किती झाली आणि पोट दुखते का, हे पाहणे महत्त्वाचे असते. दररोज डॉक्टर बदलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो फरक पाहणारा कोणी उरत नाही. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो आणि बहुधा एक औषध वाढवतो. म्हणून तापात निदान पाच-सात दिवस एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे. ताप उतरला नाही तर दवाखाना बदलण्याआधी त्याच डॉक्टरांकडे परत जावे आणि स्पष्ट विचारावे की आता आणखी कशाची शंका घ्यावी, आणि कोणते लक्षण दिसताच आम्ही भरती व्हावे. या प्रश्नाचे नीट उत्तर देणारे डॉक्टर सोडू नयेत.

निवड निरोगी असताना करावी

डॉक्टर निवडण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे अंगात १०३ ताप असतानाची. घर बदलले, म्हणजे मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर किंवा वाडीकडे नव्या वस्तीत राहायला आलात, की गॅसची नोंद जशी पहिल्या महिन्यात करता तशी डॉक्टरांचीही शोधाशोध करावी. धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालयांची दाटी आहे आणि तेथे उत्तम तज्ज्ञ बसतात, परंतु घरचे डॉक्टर तेथे शोधू नयेत. ते अशा ठिकाणी असावेत की मे महिन्याच्या दुपारी सत्तरीची व्यक्ती ऑटोने दहा मिनिटांत पोहोचू शकेल.

पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहण्यात संकोच करू नये. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दर्शवणे अपेक्षित आहे. त्यापलीकडे मी स्वतः चार गोष्टी पाहतो. डॉक्टर मागच्या चिठ्ठ्या मागतात का, औषध देण्याआधी दुसरी कोणती औषधे सुरू आहेत हे विचारतात का, आपल्या हाताबाहेरचे असेल ते वेळीच दुसरीकडे पाठवतात का, आणि सुट्टीवर जाताना आपल्या जागी कोणाला पाहायला सांगतात का. दवाखान्यातील गर्दीवरून काहीही ठरवू नये. प्रत्येक रुग्णाला सुई किंवा सलाईन लावणाऱ्या दवाखान्यातही गर्दी असते, कारण आपल्याकडे अजूनही सलाईन लावले म्हणजे उपचार झाला असे मानणारे पुष्कळ आहेत.

पहिली भेट आजार नसतानाच घ्यावी. तपासणी फी देऊन, गर्दी नसलेल्या वेळी, घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन जावे आणि सांगावे की यापुढे आम्हाला तुमच्याकडेच यायचे आहे. रक्तदाब, वजन, साखर यांची सुरुवातीची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. पुढे कधी वजन सहा किलो घटले, तर ते घटले हे कळण्यासाठी आधीचे वजन कोठेतरी लिहिलेले असावे लागते. घराण्यातील आजारही याच भेटीत सांगावेत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि वाहक असलेल्या व्यक्तीला बहुधा कोणताही त्रास नसल्यामुळे ती गोष्ट घरात बोललीही जात नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे घरातील मुला-मुलींची तपासणी लग्नाआधी झाली आहे का, हे आठवणीने विचारणारे डॉक्टर त्या घराच्या पुढच्या पिढीचेही डॉक्टर असतात. तुम्ही सांगितलेच नाही, तर त्यांनी विचारायचे तरी कशावरून?

फाईल

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची झाली, तर ही करावी.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना एका खासगी रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा डिस्चार्ज कार्डवर रक्तदाबाची एक गोळी लिहिलेली होती. घरच्या डॉक्टरांनी पूर्वीपासून दिलेली गोळीही सुरूच होती. दोन्हींची नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, आणि आतील औषध एकच, अॅमलोडिपिन. काही दिवसांत त्यांच्या पायांवर सूज आली, जी या औषधाचा मात्रा वाढल्यावर दिसणारा ओळखीचा परिणाम आहे. सूज दिसली म्हणून आम्ही त्यांना तिसऱ्याच ठिकाणी नेले, तेथे पूर्वीचे कागद दाखवले नाहीत, आणि तेथून लघवी वाढवणारी गोळी मिळाली. दिवस नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या भर उन्हाचे होते, कूलरसमोर बसूनही घाम थांबत नव्हता, आणि वडील पहाटे न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. घरच्या डॉक्टरांनी सगळी पाकिटे टेबलावर ओतायला लावली आणि दोन मिनिटांत दोन पाकिटे बाजूला काढली. कोणत्याही एका डॉक्टरांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने समोर दिसले त्यावर औषध दिले, आणि संपूर्ण चित्र ज्यांच्याकडे असायला हवे होते ते आम्ही, घरचे, रिकाम्या हाताने फिरत होतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येकाची एक फाईल आहे. कागद तारखेनुसार लावावेत, सर्वांत नवा वर; आजारानुसार वेगवेगळे गठ्ठे करण्याचा मोह टाळावा, कारण घाईत शोधताना तारीखच कामी येते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत नाव, जन्मवर्ष, रक्तगट, अॅलर्जी, सुरू असलेले आजार, झालेल्या शस्त्रक्रिया वर्षासह आणि सध्याची सर्व औषधे लिहावीत. औषधाचे पाकिटावरील नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ घटकाचे नाव, ही दोन्ही उतरवावीत, कारण ब्रँड बदलला तरी घटक तोच राहतो आणि एकच औषध दोनदा पोटात जात आहे हे तेथेच पकडता येते. औषध कोणी, केव्हा आणि कशासाठी सुरू केले हा रकाना पुष्कळ जण सोडून देतात. तो सोडू नये. पाच वर्षांनी एखादी गोळी थांबवायची की नाही, हे त्या एका रकान्यावर ठरते.

हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, याबाबत विशेष काळजी घ्यावी. ती पट्टी बहुधा उष्णतेला संवेदनशील कागदावर निघते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या अशा कागदावरील रेषा काही वर्षांत पुसट होतात. पट्टी मिळाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी आणि मोबाईलमध्ये फोटोही ठेवावा. छातीत दुखते म्हणून नवी पट्टी काढली जाते, तेव्हा त्यातील बदल आजचा आहे की दहा वर्षांपासूनचा, हे जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय सांगणे डॉक्टरांना अवघड जाते. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी यांचे आकडे एका कागदावर तारखांसह एकाखाली एक लिहीत जावे. एकटा आकडा ठीक वाटतो, पण वर्षा-दोन वर्षांची रांग पाहिली की मूत्रपिंड हळूहळू थकत चालले आहे का ते दिसते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, काढता येतो आणि त्याला नोंदी जोडता येतात. तो जरूर काढावा, परंतु ज्या दवाखान्यात अजून वहीत नोंद होते तेथे कागदी फाईलच कामाला येणार आहे. रुग्णालयात भरती झालेल्यांनी आपल्या कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. मघाच्याच आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्या देणे बंधनकारक आहे, आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.

भेटीत काय सांगावे

वर्षानुवर्षांच्या ओळखीतही सर्वाधिक लपवली जाते ती एक गोष्ट: आपण दुसरीकडे दाखवले होते ही. डॉक्टर रागावतील, त्यांना वाईट वाटेल, या भिडेपोटी माणसे आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, नातेवाइकाने दिलेली सांधेदुखीची पुडी आणि दुकानातून आणलेली वेदनाशामके, यांतील एकही सांगत नाहीत. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या माणसाने सांधेदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि डॉक्टर मात्र क्रिएटिनिन का वाढले याचे कारण भलतीकडेच शोधत राहतात. ‘डॉक्टरसाहेब, मध्ये आम्ही दुसरीकडे दाखवून आलो, ही त्यांची चिठ्ठी,’ एवढे सरळ बोलावे. चांगले डॉक्टर त्या वाक्यावर रागावत नाहीत. गोळ्या घेतल्या नसतील तर तेही सांगावे. उपवास, लग्नघर, पैशांची ओढ, विसर, कारण काहीही असो. न घेतलेल्या गोळीचा परिणाम होत नाही असे पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि मग कोणी काळजीपोटी सगळ्या गोळ्या वेळेवर देऊ लागले की साखर किंवा रक्तदाब एकदम खाली येतो.

मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगावी. उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर ‘आणि हो, डॉक्टर’ असे म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती बहुधा खरी तक्रार असते, आणि तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. ऋतू बदलताना एक भेट निव्वळ औषधांच्या फेरविचारासाठी ठेवावी. नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो अशा दिवसांत रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्रा तीच ठेवायची की कसे, हे एप्रिलमध्ये विचारून घ्यावे. ती मात्रा स्वतःच्या मनाने कमी करू नये.

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन परत यावे

तज्ज्ञांची गरज पडते तेव्हा घरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जावे. त्या चिठ्ठीत प्रश्न काय आहे, आजवर काय केले आणि कोणती औषधे सुरू आहेत, एवढे असले की तज्ज्ञांची अर्धी तपासणी वाचते आणि तपासण्यांचा खर्चही. परतल्यावर आठवडाभरात घरच्या डॉक्टरांना भेटावे. रुग्णालयातून सुटी झाल्यावर तर ही भेट दोन-तीन दिवसांतच घ्यावी, आणि सोबत डिस्चार्ज कार्डाबरोबर घरात असलेली सगळी पाकिटे पिशवीत भरून न्यावीत. जुन्यांतील कोणते चालू, कोणते बंद, हे त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि बंद झालेली पाकिटे त्याच दिवशी घराबाहेर काढावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार झालेल्यांनीही हेच करावे. योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, त्यानंतरच्या महिन्यांतील लक्ष घरच्या डॉक्टरांनाच ठेवावे लागते.

दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. ते लपूनछपून घेण्याऐवजी घरच्या डॉक्टरांनाच विचारावे की आमच्या जागी तुमचे वडील असते तर तुम्ही कोणाला दाखवले असते. मला या प्रश्नाचे उत्तर आजवर प्रत्येक वेळी प्रामाणिक मिळाले आहे.

मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये

अनेक घरांना खासगी डॉक्टर परवडत नाहीत, आणि सरकारी रुग्णालयात दर वेळी नवा निवासी डॉक्टर समोर असतो. मग सातत्य कसले, असा प्रश्न रास्त आहे. येथे ओळखीचा पदर विरळ असतो, म्हणून इतर दोन घट्ट धरावेत. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांसारख्या शिक्षणसंस्थांत विभागांची पथके असतात आणि प्रत्येक पथकाचे बाह्यरुग्ण विभागाचे दिवस ठरलेले असतात. पहिल्या भेटीतच आपले पथक कोणते आणि त्याचा वार कोणता हे विचारून कार्डावर लिहून घ्यावे, आणि पुढे त्याच वारी जावे. निवासी डॉक्टर बदलले तरी वरचे प्राध्यापक तेच राहतात. दर वेळी नवे कार्ड काढू नये. जुने सांभाळून न्यावे, कारण मागील सहा महिने त्या कार्डातच आहेत. मिहानमधील एम्समध्ये किंवा डागा रुग्णालयात दाखवणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. साध्या आजारांसाठी आणि रक्तदाब-साखरेच्या नियमित गोळ्यांसाठी वस्तीजवळचे शहरी आरोग्य केंद्र किंवा ‘आपला दवाखाना’ या नावाचा सरकारी दवाखाना निवडावा आणि मोठ्या रुग्णालयाचे कागद तेथेही दाखवावेत.

मुले पुण्याला किंवा परदेशी आणि आई-वडील प्रतापनगरातल्या घरी, अशी कुटुंबे आता घरोघर आहेत. अशा मुलांनी सुट्टीत आल्यावर एकदा स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटावे, आई-वडिलांच्या संमतीने आपला फोन क्रमांक त्यांच्याकडे द्यावा आणि कोणत्या प्रसंगी आम्हाला कळवावे हे बोलून घ्यावे. इंटरनेटवर वाचून परस्पर औषध बदलायला सांगू नये. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी घेतलेला दूरध्वनीवरील सल्ला पाठपुरावा मानला जातो. म्हणून आई-वडील मुलांकडे दोन महिने राहायला निघण्याआधी घरच्या डॉक्टरांची एक प्रत्यक्ष भेट उरकून घ्यावी.

कधी बदलावे

सातत्याला एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. आपला नेहमीचा खोकला डॉक्टरांनाही नेहमीचाच होऊन बसतो आणि त्यामागे काही नवे सुरू झाले असेल तर ते उशिरा लक्षात येते. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली, वाढत चाललेली किंवा वजन घटवणारी कोणतीही तक्रार असेल तर ‘डॉक्टरसाहेब, मला आज पहिल्यांदाच पाहत आहात असे समजून तपासा,’ असे म्हणावे. तरीही लक्ष दिले गेले नाही, प्रश्न विचारल्यावर अपमान झाला, प्रत्येक तापात प्रतिजैविक मिळाले किंवा कारण न सांगता तपासण्यांच्या रांगा लागल्या, तर वीस वर्षांच्या नात्याचीही भीड धरू नये.

कधी डॉक्टरच निवृत्त होतात. पाटी उतरण्याआधी त्यांना भेटून प्रत्येकाच्या आजारांचा, औषधांचा आणि त्यांना स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींचा एक पानी गोषवारा लिहून मागावा, आणि त्यांच्या मते पुढे कोणाकडे जावे हेही विचारावे. आमच्या डॉक्टरांनी वडिलांच्या पानावर शेवटी लिहिले होते: ‘तक्रार करत नाहीत. स्वतःहून आले तर भरती करण्याचा विचार करा.’ नव्या डॉक्टरांनी ते पान वाचून फाईलच्या सर्वांत वर लावले, आणि दीड वर्षाने वडील एका दुपारी स्वतःच ऑटो करून दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांनी तासाभरात त्यांना पुढे पाठवले.